भावाला हेलिकॉप्टरमधून खाली उतरून जखमींना उचलणाऱ्या टीममध्ये जायचंय, एनसीसीतून रस्ता आहे का?

उपनगरची_ताई

नमस्कार सगळ्यांना. आम्ही नाशिकरोडला उपनगरमध्ये राहतो, गांधीनगरच्या आर्मी तळावरची हेलिकॉप्टरं लहानपणापासून डोक्यावरून जातात त्यामुळे आमच्याकडे कोणी मान वर करून बघत पण नाही. माझा धाकटा भाऊ मात्र अजून गच्चीवर पळतो. वय १७, अकरावी सायन्स, शाळेत एनसीसीचं ए सर्टिफिकेट झालंय, आता कॉलेजच्या एनसीसीत आहे.

विषय असा की गेल्या महिन्यात तो एनसीसीचा दहा दिवसांचा सीएटीसी कॅम्प (वार्षिक ट्रेनिंग कॅम्प) करून आला आणि जेवताना सरळ सांगितलं की मला पायलट नाही व्हायचं, मला दोरीवरून खाली उतरून माणूस उचलून आणणारा व्हायचंय. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडला त्रिकूट पर्वतावरचा रोपवे अडकला होता आणि एअर फोर्सच्या हेलिकॉप्टरमधून गरुड कमांडो त्या लटकलेल्या ट्रॉल्यांपर्यंत उतरले होते, ते त्याने तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं आणि तेव्हापासून हे डोक्यात आहे असं म्हणतो. आता रात्री अमेरिकेच्या पॅरारेस्क्यूवाल्यांचे व्हिडिओ बघत बसतो.

वडील प्रेसमध्ये आहेत, ते काही बोलले नाहीत. आई दोन दिवस नीट जेवली नाही. मी मधे अडकलीये.

एका अकॅडमीत चौकशी केली तर त्यांनी "रेस्क्यू कमांडो स्पेशल बॅच" म्हणून दीड लाख सांगितले, पन्नास हजार आधी भरा म्हणे, सीट लिमिटेड आहेत. मला कसंतरीच वाटलं म्हणून इथे विचारतेय.

अशी वेगळी भरती असते का? एनसीसीचा खरंच काही उपयोग होतो का नुसतं सर्टिफिकेट? बायोलॉजी ठेवायचं का सोडायचं, सध्या त्याच्याकडे मॅथ्स आणि बायो दोन्ही आहेत आणि झेपत नाहीये. आणि काम किती धोक्याचं आहे ते खरं सांगा, गोड करून नको, कारण हे सगळं मी आईला वाचून दाखवणार आहे.

जुना_ईएमईवाला

ताई, पहिलं म्हणजे त्या अकॅडमीवाल्याला एक रुपया देऊ नका. "रेस्क्यू कमांडो" नावाची भरती आपल्याकडे निघतच नाही, जी भरतीच नाही तिची बॅच कसली.

मी ईएमईमधून, म्हणजे आर्मीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोरमधून, रिटायर झालो, बरीच वर्षं आर्मी एव्हिएशनच्या चीता हेलिकॉप्टरवर मेंटेनन्सचं काम केलं, शेवटचं पोस्टिंग तुमच्या डोक्यावरच्या गांधीनगरला. त्यामुळे जे स्वतः बघितलंय ते सांगतो.

भाऊ जे व्हिडिओ बघतो ना, त्या अमेरिकन एअर फोर्समध्ये पॅरारेस्क्यू हा स्वतंत्र ट्रेड आहे. पोरगा भरती होतानाच ते व्हायला जातो, मग पॅराशूट, पाण्याखाली पोहणं, डोंगर आणि वर पूर्ण पॅरामेडिकचं शिक्षण. त्याला एक गोष्ट सांगा, आवडेल त्याला. त्या लोकांची सुरुवात आपल्या सरहद्दीवर झाली. २ ऑगस्ट १९४३ ला आसामच्या चाबुआहून चीनकडे निघालेलं एक सी ४६ विमान नागा टेकड्यांच्या जंगलात पडलं, लोक पॅराशूटने उतरले होते पण जखमी होते आणि तिथे जायला रस्ता नाही. तर फ्लिकिंजर नावाचा एक डॉक्टर लेफ्टनंट कर्नल आणि दोन मेडिकलचे जवान, तिघांनी वरून उड्या मारल्या त्यांच्यापाशी. हेलिकॉप्टर नव्हतंच, बरे झाल्यावर सगळ्यांना घेऊन पायी बाहेर आले. दोरी, विंच (केबल खालीवर करणारं यंत्र), सगळं नंतर आलं, आधी काय आलं तर जखमीपाशी जाऊन थांबायचं.

आपल्याकडे हे काम वाटलेलं आहे. एअर फोर्सचे गरुड, जे २००४ मध्ये उभे केले, त्यांच्या कामांपैकी एक काम हे, शत्रूच्या भागात पडलेल्या वैमानिकाला काढून आणणं. पण त्यांना एअरबेसची सुरक्षा, अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाया हे पण असतं. आर्मीत एव्हिएशनची हेलिकॉप्टरं जखमी जवान आणतात, आम्ही कॅजवॅक म्हणायचो. बरोबर जाणारा माणूस मेडिकल कोरचा नर्सिंग असिस्टंट असतो, कधी डॉक्टर, कधी कोणीच नाही कारण वजन चालत नाही. हे वजनाचं लोकांना कळत नाही. चीता म्हणजे फ्रेंच लामा, तिने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केला होता. एवढी उंच जाणारी मशीन, पण सियाचेनला विरळ हवेत एक जखमी उचलायचा तर आधी किलोकिलोने सामान काढून ठेवावं लागतं. तेल पण मोजून भरतात. खाली टेकल्यावर इंजिन बंद करत नाहीत, कारण त्या थंडीत परत सुरू होईल का याची खात्री कोण देणार.

आता धोका. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

साधं रेस्क्यू आणि कॉम्बॅट रेस्क्यू यात फरक हा की दुसऱ्यात शत्रूला पण माहितीये तुम्ही येणार. पडलेल्या वैमानिकाजवळ ते दबा धरून बसतात. म्हणून अमेरिका आणि नाटोच्या पद्धतीत वैमानिक उड्डाणाआधी स्वतःबद्दल अशा एकदोन गोष्टी लिहून सीलबंद ठेवतो ज्या फक्त त्यालाच माहीत, पहिल्या सायकलचा रंग वगैरे, आणि एक चार आकडी नंबर. उचलायला गेलेले आधी रेडिओवर ते विचारतात, उत्तर बरोबर आलं तरच खाली येतात.

कारगिलला २७ मे १९९९ ला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग २७ चं इंजिन बंद पडलं आणि ते इजेक्ट झाले. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मिग २१ मध्ये होते, परत फिरू शकत होते, पण नचिकेता नेमके कुठे पडलेत ते शोधायला तिथेच घिरट्या घालत राहिले, त्यांच्या विमानाला मिसाइल लागलं. गेले ते. वीरचक्र मिळालं. नचिकेता युद्धकैदी होते, आठवडाभराने परत आले. दुसऱ्याच दिवशी तोलोलिंगवर आपलं एमआय १७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं, चौघे गेले. भावाने यूट्यूबवर जे पाहिलं त्यात हे दिसत नाही म्हणून लिहिलं.

आणि दुसरी बाजू पण लिहितो. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनला सोनम पोस्टवर हिमकडा कोसळला, १९,६०० फुटांवर, दहा जण गाडले गेले. पाच दिवस लोक दिवसरात्र खणत होते, श्वानपथकाची कुत्री होती. सहाव्या दिवशी लान्स नाईक हणमंतप्पा जिवंत सापडले. हेलिकॉप्टरने खाली आणलं, दिल्लीला नेलं, ११ तारखेला गेले. बाकीचे नऊ आधीच गेलेले. आमच्या लाइनमध्ये त्या रात्री कोणी टीव्ही बंद केला नाही. खणणाऱ्यांची नावं कोणाच्या लक्षात नाहीत, आणि ते पण रेस्क्यूवालेच.

बायोचं म्हणाल तर मी म्हणेन मॅथ्स धरा. बारावीनंतर अधिकारी व्हायला जी एनडीए असते तिच्या लेखी परीक्षेत मॅथ्सचा ३०० मार्कांचा पेपर आहे, एअर फोर्स आणि नेव्हीला बारावीत फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स लागतं.

सी_सर्टिफिकेटवाली

काकांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त एनसीसीचं लिहिते कारण मी आत्ताच त्यातून बाहेर पडलीये. मूळची निफाडची, कॉलेज नाशिकला.

ताई, नुसतं सर्टिफिकेट म्हणून बघू नका. तो आता सीनियर डिव्हिजनला (कॉलेजची एनसीसी) आहे ना, मग बारावीपर्यंत बी होईल आणि डिग्रीला गेल्यावर सी. सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड, सीनियर डिव्हिजनची दोन वर्षं आणि डिग्रीला ५० टक्के असले की एनसीसी स्पेशल एंट्रीतून चेन्नईच्या ओटीएसाठी (आर्मी अधिकाऱ्यांची ट्रेनिंग अकॅडमी) अर्ज करता येतो, लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडीची मुलाखत आणि चाचण्या. एअर फोर्समध्ये पण एनसीसीवाल्यांसाठी जागा ठेवलेल्या असतात. जवान म्हणून अग्निवीरला जायचं तरी बोनस मार्क मिळतात. अग्निवीरचं मात्र नीट समजून घ्या, चार वर्षं, त्यातले २५ टक्केच पुढे कायम होतात.

आणि तुम्ही नाशिकरोडला राहता आणि तुम्हाला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र माहीत नाही?? तुमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं! राज्य सरकारचं आहे, एसएसबीची तयारी करून घेतात, राहणं जेवण ट्रेनिंग सगळं फुकट. सीडीएस (डिग्रीनंतर अधिकारी होण्याची लेखी परीक्षा) पास झालेले किंवा सी सर्टिफिकेट ए किंवा बी ग्रेडने असलेले आणि एनसीसी ग्रुपने एसएसबीसाठी शिफारस केलेले घेतात. म्हणजे भावाला अजून वेळ आहे पण पत्ता बघून ठेवा, चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. दीड लाख मागणाऱ्याला हे सांगून बघा काय म्हणतो ते. माझ्या मैत्रिणीच्या घरच्यांनी अशाच एका अकॅडमीत सोनं गहाण ठेवून पैसे भरले होते, तिला सकाळी पळवायचे आणि दुपारी जुने पेपर सोडवायला द्यायचे, बस. अजून राग येतो मला.

उडणाऱ्या कुठल्याही ब्रँचला सीपीएसएस नावाची मशीनवरची टेस्ट असते ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालं की तो रस्ता कायमचा बंद. भावाला पायलट नाही व्हायचं ठीक आहे पण १७ व्या वर्षी मन बदलतं, म्हणून माहीत असू दे.

आता कॅम्पचं. आमच्या कॅम्पला एक उस्ताद होते, हवालदार, त्यांनी फर्स्ट एडच्या तासाला फळ्यावर काहीच लिहिलं नाही. दोन बांबू टाकले, म्हणाले स्ट्रेचर बनाओ. कोणाला येईना. मग त्यांनी दोन शर्ट घेतले, बाह्या आतल्या बाजूला उलट्या केल्या, बटणं लावली, आणि बांबू बाह्यांमधून घातले. झालं स्ट्रेचर. मग सगळ्यात जाड्या कॅडेटला झोपवलं आणि चौघींना ग्राउंडला फेरी मारायला लावली, उन्हात, दुसऱ्या फेरीला माझी पकड सुटली आणि तो पडला. उस्ताद ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "बेटा, अभी ये मर गया." मी त्या रात्री झोपले नाही खरंच. दुसऱ्या दिवसापासून रोज हातात पाण्याच्या बादल्या घेऊन चालायला लागले, अजून चालते.

आणि हो, मुलीपण आहेत या कामात. २५ मे २०२२ ला आपल्या गांधीनगरलाच कॅप्टन अभिलाषा बराक यांना विंग्ज (पायलटचा बिल्ला) मिळाल्या, आर्मीच्या पहिल्या महिला कॉम्बॅट पायलट. माझी त्या वर्षी एनसीसीची सुरुवात होती.

अंजनेरी_वाट

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावर अडकलेल्यांना काढणाऱ्या मुलांबरोबर जातो. सैन्यातला नाही. पण एका गोष्टीवर ईएमईवाल्या काकांशी माझं जमत नाही.

बायोलॉजी सोडू नका.

मुलगा काय म्हणतोय ते ऐका ना, तो म्हणतोय पायलट नाही, उचलणारा व्हायचंय. मग उचलल्यावर काय करणार? आर्मीत नर्सिंग असिस्टंटची भरती असते तिला बारावीला बायोलॉजी लागतं. एनडीएसाठी मॅथ्स लागतं हे काकांचं बरोबर. मग दीड वर्ष दोन्ही ओढायला सांगा, मार्क थोडे कमी पडले तरी चालतील, दोन दारं उघडी राहतील. मला तर वाटतं त्याने रक्त थांबवणं आधी शिकावं. मांडीची मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, हेलिकॉप्टर कितीही वेगाने आलं तरी तोपर्यंत पोचत नाही, तिथे ज्याच्या हाताला घट्ट दाबून धरायचं कळतं तोच वाचवतो.

हरिहरच्या पायऱ्यांवरून मागच्या पावसाळ्यात एक मुलगा घसरला, मांडीचं हाड मोडलं. वयाने तुमच्या भावाएवढाच. धुकं एवढं की दहा फुटांवरचं दिसेना, हेलिकॉप्टरचा प्रश्नच नव्हता. त्याला खाली आणायला आम्ही चौदा जण होतो. सहा जण धरणार, बाकीचे पुढे जाऊन वाट बघणार, दर पन्नास पावलांना बदली. पायथ्याला यायला साडेचार तास. त्या चौदामधला एक जण फक्त त्याच्या डोक्यापाशी चालत होता आणि त्याच्याशी बोलत होता, घरी कोण आहे, क्रिकेटमध्ये कोण आवडतो, असं, साडेचार तास. ते काम सगळ्यात अवघड होतं असं मला वाटतं. मुलगा आता काठीशिवाय चालतो.

२७ ऑगस्ट २००३ ला कुंभमेळ्यात इथे चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली, मी तेव्हा शाळेत होतो, पंचवटीत राहायचो. गल्लीत लोक पडलेले आणि उभ्या असलेल्यांना काय करायचं ते माहीत नव्हतं, आमच्या घरातल्या मोठ्यांना पण नाही. मी नर्सिंगला गेलो त्याचं कारण ते. आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. भावाला सांगा त्याआधी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं, शिक, रबरी पुतळ्यावर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, दोन मिनिटांत घाम फुटतो. बोटीचं शिकायचं तर चांदोरी सायखेड्याकडे जावं, गोदेला पूर आला की तिथली गावातली पोरं पाण्यात उतरतात, नाशिकला नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की ती बोटी तयार ठेवतात.

एनडीआरएफचा (केंद्राचं आपत्तीत मदत करणारं दल) विचार असेल तर तिथे सरळ भरती नसते हे पण सांगतो, बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा दलांतून डेप्युटेशनवर जातात. आपल्या जवळची बटालियन पुण्याची, पाचवी.

जुना_ईएमईवाला

नर्स साहेब तुमचं पटलं. मी मशीनच्या बाजूने विचार केला, तुम्ही माणसाच्या. दोन्ही विषय ठेवू दे.

भावासाठी अजून तीन गोष्टी, कारण कधीतरी तो हेलिकॉप्टरजवळ उभा राहणारच. वरून विंचची केबल आली की लगेच हुक पकडायचा नाही. उडणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये स्टॅटिक चार्ज साठतो, आधी हुक जमिनीला टेकू द्यायचा, मग हात. मी एका नव्या पोराला झटका बसून मागे उडालेला बघितलाय. दुसरं, मागच्या छोट्या पंख्याकडे कधीच जायचं नाही, फिरताना तो दिसत नाही, नेहमी पायलटला दिसेल असं पुढून यायचं. तिसरं, उतारावर उतरलं असेल तर खालच्या अंगाने जवळ जायचं, वरच्या अंगाने आलात तर मोठा पंखा तुमच्या डोक्याच्या उंचीला असतो. आणि टोपी काढून खिशात, वाऱ्याने उडाली की पोरं ती पकडायला वर हात करतात.

ओझरची_आई

मी सहसा लिहीत नाही. ताई हे तुमच्या आईसाठी आहे.

माझा मुलगा एअर फोर्समध्ये आहे, एमआय १७ वर फ्लाइट गनर. तुमच्यासारखीच मी पण जेवले नव्हते. जून २०१३ मध्ये उत्तराखंडला पुरात लोक अडकले होते तेव्हा २५ तारखेला गौरीकुंडजवळ एक एमआय १७ पडलं, २० जण होते आत, एअर फोर्सचे, एनडीआरएफचे, आयटीबीपीचे. सगळे लोकांना काढायलाच गेलेले. माझा तेव्हा अजून बारावीत होता, भरती व्हायचा होता. मी त्याला पेपर दाखवला आणि म्हटलं बघ. त्याने वाचला, घडी घातली आणि म्हणाला आई त्यांनी आधी किती जणांना आणलं ते यात नाही लिहिलेलं.

आता भीती जाते का? नाही जात. मी खोटं नाही सांगणार. फोन लागला नाही की देवापाशी बसते. तो सांगतो फोन नाही लागला तर मी कामात आहे असं समज, मी तसं समजते. सुट्टीला येतो तेव्हा दुपारी भात वरण तूप लिंबू एवढंच मागतो, आणि झोपतो. दिवाळीला सहा वर्षांत दोनदा आला. तुमच्या आईला माझा नंबर हवा असेल तर मला मेसेज करा, आम्ही बोलू.

उपनगरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. आहुजांचं आलं तेव्हा ती उठून आत गेली, मला वाटलं झालं आता. पाणी पिऊन परत आली आणि म्हणाली पुढे वाच. ओझरच्या काकूंचं दोनदा वाचायला लावलं. काकू, मेसेज केलाय.

अकॅडमीला नाही म्हणून कळवलं. बायो आणि मॅथ्स दोन्ही राहणार असं ठरलं, वडील म्हणाले मॅथ्सचा मी बघतो, रोज ड्युटीवरून आल्यावर एक तास.

भाऊ शेवटपर्यंत गप्प ऐकत होता. मग वडिलांचे दोन जुने शर्ट काढले, कपडे वाळत घालायच्या दोन काठ्या आणल्या आणि हॉलमध्ये स्ट्रेचर करून बघितलं. आईला म्हणाला झोप. आई नको नको म्हणत झोपली. तो पायाकडून आणि मी डोक्याकडून असं उचललं, दारापर्यंत नेलं आणि माझ्या बाजूच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं, पण पडू नाही दिलं, त्याने लगेच गुडघ्यावर बसून खाली टेकवलं. आई झोपल्या झोपल्या म्हणाली, हे बटण आधी शिवून ठेव.

अंजनेरीवाले दादा, सीपीआरचं नाशिकला कुठे शिकवतात, आणि १७ वर्षांच्या मुलाला तुमच्याबरोबर येऊ देता का? फक्त सामान उचलायला आला तरी चालेल असं तो म्हणतोय.

अंजनेरी_वाट

डोंगरावर १८ पूर्ण झाल्याशिवाय नेत नाही, त्यात सूट नाही. पण रविवारी सकाळी सहाला पांडवलेणीच्या पायथ्याशी आमचा सराव असतो, स्ट्रेचर घेऊन पायऱ्या चढ उतार, तिथे येऊ शकतो, घरच्यांपैकी कोणीतरी पहिल्या वेळी बरोबर या. सीपीआरचा पुतळा आमच्याकडे आहे, त्याच दिवशी शिकवतो. पाण्याची बाटली आणि ग्रिपचे बूट, बाकी काही नको. शर्टांना बटणं जाड दोऱ्याने शिवा, आणि एकाऐवजी दोन दोन शर्ट एकावर एक घाला, वजन धरतं.

उपनगरची_ताई

रविवारी सहाला येतो. वडील पण येणार म्हणतायत.